बेळगाव-खानापूर-चंदगड भागात नवशिक्यानं कायद्यात राहून ऑफरोडिंग कुठं शिकायचं?

ओंकार_वडगाव

नमस्कार मंडळी. घरी सेकंडहँड जिम्नी आली आहे. फोर बाय फोर गाडी मी आयुष्यात पहिल्यांदाच चालवतोय. रोजचा रस्ता वडगाव ते उद्यमबाग, त्यामुळं पुढचा छोटा गिअर अजून हलवलेलासुद्धा नाही. मातीत, चढावर, खड्ड्यात गाडी नीट चालवायला शिकायचं आहे.

अडचण जागेची आहे. कुठल्याही ग्रुपवर विचारलं की लोक नकाशावर पिन टाकून मोकळे होतात. जांबोटीच्या पुढं डावीकडं आत, कणकुंबीजवळचा सडा, हिडकलचं बॅकवॉटर. जागा कुणाची आहे विचारलं तर उत्तर येतं, "कोण विचारत नाही ओ तिथं." मला हे उत्तर पुरत नाही. म्हादई, मलप्रभा जिथं उगम पावतात त्या तालुक्याच्या दारात आपण राहतो. तिथल्या जंगलात चाकं घालून मला हा छंद करायचा नाही, आणि कुणाच्या शेतातनं तर नाहीच.

तर कायद्यानं चालणाऱ्या वाटा शोधायच्या कशा? कुणाला विचारायचं? आणि पहिल्या दिवशी शिकायचं काय? चंदगडची बाजूही चालेल, तासाभराचं अंतर आहे.

रायडर_टिळकवाडी

भावा, हेम्माडगा रोडनं आत जा, तळेवाडी-गवाळीकडं. पक्का ऑफरोड आहे. गावातल्या जीपगाड्या रोज जातात-येतात, म्हणजे वाट चालू आहे. पहाटे लवकर गेलास तर कोणी अडवत नाही.

म्हादई_खोरं

रायडर, हे उत्तर कृपा करून खोडा. कोणीतरी वाचून खरंच जाईल.

तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर ही गावं भीमगड अभयारण्याच्या आतली आहेत. २०११ साली हे अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र १९० चौरस किलोमीटरच्या आसपास. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ स्पष्ट आहे. अभयारण्यात कोण जाऊ शकतो? कामावरचा सरकारी नोकर, परवाना असलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक हमरस्त्यानं पलीकडं जाणारा, आणि या लोकांवर अवलंबून असलेले घरचे. गवाळीचा माणूस स्वतःच्या घरी जातोय, बाजार घेऊन, आजारी माणसाला घेऊन. त्याची जीप जाते म्हणून आपली जाऊ शकते असं होत नाही. त्याचा तो हक्क आहे, आपला नाही.

खानापूर-हेम्माडगा-अनमोड हा सार्वजनिक रस्ता आहे, त्यावरून जायला कोणाची हरकत नाही. पण त्या डांबरावरून चाक खाली उतरवून बाजूच्या लाकूडवाटेला लागलात की तुमची गोष्ट बदलली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड लाखापर्यंत गेलाय, कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते ती वेगळीच.

कायदा बाजूला ठेवला तरी ही जागा काय आहे ते बघा. बारापेडे गुहेतलं राउटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. दांडेलीच्या बाजूनं हत्ती येतात. पहाटे लवकर, कोणी अडवत नाही त्या वेळेलाच जनावरं त्या वाटेवर असतात.

जुना_मोजणीदार

ओंकार, प्रश्न चांगला विचारलास. माझी नोकरी मोजणी खात्यात गेली, म्हणून जमिनीच्या बाजूनं सांगतो.

अधिकृत ऑफरोड ट्रेल असा प्रकार आपल्या महसूल कायद्यात नाहीच. त्यामुळं तयार नकाशा शोधत बसू नकोस. इथं प्रश्न एकच असतो: चाकाखालची जमीन कोणाची, आणि त्यानं हो म्हटलंय का. ते कळायला हल्ली तालुक्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. सरकारचं दिशांक नावाचं ॲप आहे. जागेवर उभं राहून उघडलं की गाव, होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) आणि सर्व्हे नंबर दाखवतं. तो नंबर घेऊन भूमी संकेतस्थळावर उतारा काढायचा. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ११ मध्ये इतर हक्क आणि बोजे. हे दोन रकाने वाचल्याशिवाय गाडी आत घालू नये. ॲपवरची हद्द प्रत्यक्ष बांधापासून काही मीटर सरकलेली असू शकते, म्हणून अगदी कडेला असलास तर त्याच्यावर विसंबू नकोस.

आता प्रकार. मालकीची जमीन असेल तर मालकाची परवानगी पुरते. तुझ्यासाठी हीच सगळ्यात सरळ वाट. सरकारी पड किंवा गोमाळ असेल तर लोकांना वाटतं मोकळं रान आहे, कोणाचं काय जातंय. तसं नाही. कर्नाटक भू महसूल कायदा १९६४ प्रमाणं गोमाळ गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेलं असतं. तिथं गाड्या जमवायच्या तर तहसीलदारांकडं अर्ज करायला लागतो, आणि पंचायतीला न सांगता गेलास तर गावकरी अडवणारच. त्यांचं बरोबर आहे.

तिसरं, उताऱ्यात क्षेत्र लिहिलेल्या रकान्यात अ खराब आणि ब खराब असं वजा केलेलं दिसेल. अ म्हणजे पिकाला न येणारी जागा, खडक वगैरे. ब म्हणजे सार्वजनिक उपयोगाला सोडलेली: वाट, ओढा, नाला. गावचा महसुली नकाशा काढलास तर त्यावर 'बंडी दारी' आणि 'कालु दारी' असं लिहिलेल्या रेघा असतात. कालु दारी म्हणजे पायवाट, बंडी दारी म्हणजे बैलगाडीची वाट. तुझ्यासारख्याला हव्या असलेल्या वाटा पुष्कळशा याच आहेत. दोन गावांना जोडणाऱ्या, मुरमाच्या, मध्ये एखादा ओढा. त्यावरून सावकाश जायला कोणाची परवानगी लागत नाही. पण वाट म्हणजे वाटच. दोन हात डावीकडं गेलास की कोणाच्या तरी मालकीत गेलास. पायवाटेवर गाडी घालायची नाही.

चौथं जंगल. राखीव जंगलात शिरणं कर्नाटक वन कायदा १९६३ च्या कलम २४ खाली गुन्हा आहे, अभयारण्य असो वा नसो. खानापूरच्या पश्चिमेला गावठाण आणि भातशेती सोडली की बहुतेक हिरवं हे वनखात्याचंच धरून चाल. हद्दीवर दगड असतात, काही ठिकाणी चर खणलेला असतो. चर दिसला की तिथंच थांब. शंका असली तर रेंज ऑफिसमध्ये जाऊन सर्व्हे नंबर दाखव. ते लगेच सांगतात.

कॅम्पवाली

मोजणीदार काकांच्या यादीत एक राहिलं. शहराला लागून जे मोठे मोकळे माळ दिसतात त्यातले बरेच लष्कराचे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, कमांडो प्रशिक्षण इथं चालतं. तारेचं कुंपण नाही म्हणून आत गाडी नेऊ नका. फायरिंगचा सराव चालू असतो तिथं. माझे वडील कॅम्पातच नोकरीला होते, म्हणून आवर्जून लिहिलं.

सुनंदा_नंदगड

मी गाडीवाली नाही, शेतकरी आहे. धागा भावानं दाखवला म्हणून लिहिते. ओंकारदादा, तुम्ही आधी विचारताय हे वाचून बरं वाटलं.

आमच्याकडं येणाऱ्यांना भाताचं खाचर काढणी झाल्यावर रिकामं दिसतं. त्यांना वाटतं आता काय, धसकटंच तर आहेत. पण त्या खाचराचा बांध वर्षानुवर्षं हातानं लिंपून उभा केलेला असतो. गाडीचं एक चाक त्यावरून गेलं की वरनं थोडं दबल्यासारखं दिसतं, तेवढंच. खरी भेग आत पडते. जूनमध्ये पाणी भरलं की तिथनं झिरपायला लागतं आणि आठवडाभरात खाचर कोरडं. रोपं लावायच्या ऐन वेळेला बांध घालायला माणसं आणायची कुठनं? गेल्या साली आमच्या खालच्या खाचराचं असंच झालं. गाड्या कुणाच्या होत्या ते कळलंच नाही, कळून काही उपयोगही नव्हता.

पाणंदीचं पण तसंच. पावसाळ्यात कोणी त्यातनं चिखल उडवत गेलं की खोल चाकोऱ्या पडतात. त्या वाळल्या की दगडासारख्या होतात, आणि मग वर्षभर बैलाचे पाय त्यात मुरगळतात. तुम्ही एक दुपार येता, आम्हाला ती वाट रोज लागते.

विचारायला या, हाकलून देणार नाही आम्ही. पण ज्याच्या नावावर उतारा आहे त्यालाच विचारून थांबू नका. पुष्कळ जमिनी सामायिक असतात, नावावर मोठा भाऊ पुण्याला आणि कसतोय धाकटा. कसणाऱ्याला विचारा. सुगीच्या दिवसांत नको, तेव्हा कोणाला बोलायला सवड नसते. ऊसतोड चालू असताना पाणंदीत गाडी लावून फोटो काढू नका, मागनं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला तर त्याला मागं घेता येत नाही. देवराईच्या जवळपास तर गाडी नकोच. आणि कुत्रं अंगावर आलं तर हॉर्न मारू नका, मालकाला हाक मारा.

ओंकार_वडगाव

सुनंदाताई, मनापासून आभार. बांधाचं हे मला खरंच माहीत नव्हतं. काका, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून गाडीत ठेवणार आहे.

हिडकलचं काय मग? उन्हाळ्यात पाणी मागं हटतं तेव्हा मोठी सपाट जागा उघडी पडते. ती तर कोणाच्या मालकीची नसेल?

हत्तरगीकर

ओंकार, आमचं घर तिथनं जवळ. ती धरणाची बुडीत जमीन आहे, पाटबंधारे खात्याच्या ताब्यात. पाणी हटेल तसं लोक तिथं गाळपेर करतात, त्यामुळं रिकामी दिसते तेवढी रिकामी नसते. खात्याच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये.

आणि ती जागा नवशिक्याची अजिबात नाही. वरचा थर उन्हानं वाळून भेगाळलेला असतो, त्याच्यावर माणूस आरामात चालतो. खाली वीतभरावर गाळ ओलाच. गाडी मध्यापर्यंत जाते, मग वरचा पापुद्रा फुटतो आणि चारही चाकं एकदम बसतात. ॲक्सल टेकला की ट्रॅक्टरसुद्धा लांब उभा करावा लागतो, नाहीतर तोही बसतो. बेळगावला पिण्याचं पाणी हिडकलमधनं आणि राकसकोपमधनं येतं, हेही लक्षात ठेवा. डिझेल-ऑइल सांडलं की ते शेवटी आपल्याच नळात.

चंदगडचा_नाना

आमच्या बाजूचं सांगतो. इकडं महाराष्ट्र, म्हणून कागद वेगळे. सातबारा ऑनलाइन निघतो, गट नंबर बघायचा. 'इतर अधिकार' हा रकाना नीट वाचा, काही ठिकाणी मालक खाजगी दिसतो पण खाली वनाची नोंद असते. १९७५ च्या खाजगी वने कायद्यानं तशा बऱ्याच जमिनी सरकारकडं गेल्या. खात्री करायची तर तलाठ्याकडं गाव नमुना १-अ असतो, वन जमिनींची नोंदवही. चंदगड तालुक्यात संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झालंय, तिलारीच्या बाजूला दोडामार्गातही आहे. त्यामुळं पारगड, तिलारीकडचं घनदाट दिसतं ते सगळं सोडून द्या.

मग राहतं काय? पुष्कळ राहतं. पूर्वेच्या बाजूची माळरानं, काजूच्या बागांमधल्या मालकीच्या वाटा, गावांमधले पाणंद रस्ते. वैजनाथ, महिपालगड, कलानंदीगड, गंधर्वगड या भागात फिरताना मुख्य रस्ता न सोडतासुद्धा कच्चे तुकडे, चढ-उतार मिळतात. गाडी ओळखायला सुरुवातीला तेवढं पुरतं. किल्ल्याच्या वाटेवर, तटाजवळ मात्र गाडी चढवू नका रे बाबांनो. दगड निखळतात.

तांबडी_माती_४x४

जागेचं सगळं आलं, आता चालवण्याचं थोडं सांगतो. ओंकार, तुला पहिल्या महिन्यात ट्रेलची गरजच नाही. परवानगी काढलेला एक एकर माळ, एक छोटा चढ आणि सोबत दुसरी गाडी, एवढं असलं की महिनाभर शिकता येतं. एकट्यानं कधीच जायचं नाही. मोबाईलला रेंज नसलेल्या जागी तर नाहीच.

जिम्नीची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, थारची पण तशीच. म्हणजे डांबरावर टू-एच, नुसत्या मागच्या चाकांना जोर. ४एच म्हणजे चारही चाकांना जोर, ते कोरड्या डांबरावर लावून वळलास तर पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगानं फिरायला बघतात, मध्ये सुटायला जागा नसते, आणि ताण सगळा गिअरवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देते. माती लागली की ४एच. तीव्र चढ, उतार, मोठे दगड असतील तर आधी थांबून ४एल, म्हणजे चारही चाकं पण वेग कमी, ओढ जास्त. चढाच्या मध्यावर बदलायला जाऊ नकोस.

उतार शिकायला सगळ्यात जास्त वेळ दे. ४एल, पहिला गिअर, पाय क्लचवरनं पूर्ण बाजूला, ब्रेकवर हलका. इंजिन गाडी धरून ठेवतं. नवीन माणूस घाबरून क्लच दाबतो आणि गाडी सुटते. आपल्याकडं जांभ्याचा बारीक खडा असतो, कोरड्या उतारावर तो चाकाखाली गोट्यांसारखा घरंगळतो. तिथं ब्रेक कचकन मारला की चाकं लॉक होऊन गाडी सरळ खाली. उतार नेहमी सरळ उतरायचा, तिरका घेतलास तर कलंडायची भीती. चढताना गाडी अडली तर वळवायला बघू नकोस, रिव्हर्स टाकून आलेल्या रेषेतच खाली ये.

हवा: दाराच्या चौकटीवर जो दाब लिहिलाय त्याच्या साधारण चौथा हिस्सा कमी कर. टायर पसरतं, पकड वाढते, खड्यांवर आपटत नाही. सोबत प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर ठेव, डांबरावर येण्याआधी हवा परत भर. कमी हवेत हायवेला ऐंशीनं जाणं धोक्याचं आहे.

मातीबद्दल. खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली, ती उगाच नाही. भिजली की ती टायरच्या खाचांत भरते आणि रबराऐवजी नुसता मातीचा गोळा फिरतो. मग कितीही भारी टायर असू दे. पूर्वेला सौंदत्ती-बैलहोंगलकडं काळी माती, ती तर मडगार्डच्या आत भरून चाकच अडवते. म्हणून जून ते ऑक्टोबर मातीत जाऊच नकोस. तुझी गाडी फसते आणि वाटेचं वाटोळं होतं ते वर सुनंदाताईंनी लिहिलंच आहे. पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांकडं जायला बंदी येते, ती पाळ.

पाणी: ओढ्यात घालायच्या आधी स्वतः काठी घेऊन चालत ओलांड. तळ दिसत नसेल किंवा पाणी गुडघ्यावर येत असेल तर परत फिर. थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, ते स्थिर पाण्याचं आणि हळू चालवल्याचं. एअर इनटेकमधनं पाणी आत गेलं तर इंजिन तिथंच जातं आणि साध्या विम्यात ते नुकसान मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. शर्यतीतलं नुकसानही विम्याबाहेर असतं.

गाडी ओढून काढताना दोर फक्त गाडीच्या हुकाला, नीट शॅकल लावून. बंपरला किंवा टो-बॉलला नाही. ताणलेला दोर तुटला की लोखंड बंदुकीच्या गोळीसारखं येतं, माणसं गेली आहेत त्यात. बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट मागं उभं राहायचं.

रायडर_टिळकवाडी

वरचं माझं उत्तर काढतोय. म्हादई, कलम २७ चं सांगितलंत ते बरं झालं, स्थानिकांच्या जीपचा मुद्दा कळला.

कोणाला शिकवणीच हवी असेल तर महिंद्राची ऑफरोड ट्रेनिंग ॲकॅडमी इगतपुरीला आहे, आखून ठेवलेला ट्रॅक आणि सोबत शिकवणारा. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा २०१४ पासून होत आली आहे. बघायला जा, मार्शल लोक गाड्या कशा उभ्या करतात, दोर कसा लावतात ते जवळनं दिसतं.

ओंकार_वडगाव

मंडळी, एक जागा सापडतेय. कडोलीच्या बाजूला मित्राच्या मामांची मुरमाड पड आहे. उतारा काढला, ९ मध्ये मामांचंच नाव, ११ कोरा. एका कडेनं ब खराब आहे, तिथनं ओढा जातो. मामा तोंडी हो म्हणालेत. तेवढं पुरे का? शेजारच्यांचं काय?

जुना_मोजणीदार

तोंडी पुरतं, पण लेखी घे. मामांनाच उपयोगी पडतं ते. साध्या कागदावर सर्व्हे नंबर, तारखा, कमाल किती गाड्या, किती वाजेपर्यंत, आणि नुकसान झालं तर भरपाई तू देणार, एवढं लिही. मामांची सही, तुझी सही. जाण्यायेण्याची वाट कोणत्या सर्व्हेतनं आहे तेही बघ. मामांची जमीन मोकळी असून भागत नाही, मध्ये दुसऱ्याचा बांध ओलांडावा लागत असेल तर त्याचंही हो लागतं. ओढ्याच्या कडेचा तो ब खराब पट्टा सोडून आतल्या बाजूला रिबन बांध, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला हद्द कळेल. एक प्रत पंचायतीत पीडीओकडं (पंचायत विकास अधिकारी) देऊन ठेव. कोणी तक्रार केली तर त्यांना माहीत असू दे.

सुनंदा_नंदगड

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. गुरं कोणत्या वेळेला तिथं चरायला येतात ते विचारा आणि ती वेळ सोडा. विहीर किंवा पाण्याची पाइप जमिनीतनं गेली आहे का तेही बघा, पीव्हीसी पाइप वीतभरच खोल असते.

तांबडी_माती_४x४

पाइपचा मुद्दा महत्त्वाचा. आदल्या दिवशी मामांना घेऊन सगळी जागा पायी फिर, दगड-खड्डे बघ, पाइपवर चुना टाक. मी माझी गाडी, दोर आणि कॉम्प्रेसर घेऊन येतो. भात कापून झाल्यावरचा रविवार धर.

ओंकार_वडगाव

ठरलं तर. काका, शेवटचं एक: पत्र मराठीत लिहू की कन्नडमध्ये?

जुना_मोजणीदार

मामांना वाचता येईल त्या भाषेत. पीडीओला द्यायची प्रत कन्नडमध्ये कर. मसुदा मी उद्या इथंच टाकतो, सर्व्हे नंबर तेवढा तू भर.